सुई ओवल्यानंतर

ताईने बोर्डाच्या डॉक्टरांसमोर सुईत दोरा ओवून दाखवला, ही बातमी ताईच्या आधी घरी पोहोचली. नानांनी ती ऐकली आणि सदऱ्याची कॉलर ताठ केली. कारखान्याच्या युनियनमधल्या काकांनी ती ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला. सूनबाई तेव्हा मोरीत भांडी घासत होती. तिने फक्त नळ बंद केला आणि ओले हात पदराला पुसले.

झालं होतं ते असं. डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसने त्या दिवशी कुणी न सांगता दुसरा ठोका मारला आणि ताईच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं नेली. हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली पुढची जाळी दुरुस्तीसाठी काढली होती, ती परत लावायला कुणाला सवड झाली नव्हती. अपघात झालाच नाही असं कंपनी म्हणाली नाही, एवढा तिचा मोठेपणा. पण भरपाई किती आणि यापुढे काम कोणतं, हे हात कितपत निकामी झाला यावर ठरणार होतं, आणि ते ठरवणार होते कामगारांच्या वैद्यकीय बोर्डाचे डॉक्टर. त्यांनी ताईला सरळ विचारलं, "या हाताने काय काय करता येत नाही?"

आता हा प्रश्न नानांच्या लेकीला विचारायचा होता का? तिला वाटलं, आपली परीक्षा चालली आहे. "सुई आहे का?" तिने नर्सला विचारलं, आणि उरलेल्या अंगठ्याच्या अन् तर्जनीच्या चिमटीत सुई धरून एका झटक्यात दोरा ओवला. डॉक्टरांनी कौतुकाने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, पूर्वीचं काम करण्यास योग्य.

म्हणजे भरपाई नावापुरती आणि ताई परत त्याच प्रेससमोर.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!" काका तेव्हा ओरडले होते. मग बिचाऱ्यांनी चपला झिजवून फेरतपासणी मिळवली. ती उद्या सकाळी होती. आज रविवार, सगळ्यांना सुट्टी, म्हणून दुपारची जेवणं उरकल्यावर सगळं घर नानांच्या पुढच्या खोलीत जमलं होतं. काम एकच होतं. ताईला 'जमत नाही' म्हणायला शिकवायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या घरात हे दोन शब्द शिवीपेक्षा वाईट होते. नाना आयुष्यभर टूलरूममध्ये फिटर होते आणि त्यांनी घरातही टूलरूमचाच नियम लावला होता. जो कुणी 'जमत नाही' म्हणेल, त्याने ते काम तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर करून दाखवायचं. ताईचा धाकटा भाऊ लहानपणी एका गंजक्या कुलपाला तसं म्हणाला होता, तर दिवे लागेपर्यंत अंगणात ते कुलूप मांडीवर घेऊन रडत बसला होता. शेवटी उघडलं म्हणा. सूनबाई लग्न होऊन आली त्याच आठवड्यात पंपाचा वायसर बदलण्यावरून बोलून बसली आणि नव्या साडीवर ग्रीसचा डाग घेऊन शहाणी झाली. तेव्हा ताईने तिच्या शेजारी उकिडवं बसून पान्हा कसा धरायचा ते दाखवलं होतं, आणि नंतर वर्षभर त्या डागावरून चिडवलंही होतं. नणंद-भावजयीचं तिथपासून जे वाजलं, ते अपघातापर्यंत वाजतच होतं.

"हं, मी डॉक्टर," काका खुर्चीत सरसावून बसले. चष्मा नाकावर ओढून त्यांनी आवाज घोगरा केला. "बाई, ही बरणी उघडा बघू. उजव्या हाताने."

ताईने बरणी घेतली, कोपराने कमरेशी दाबली, तळहाताचा गड्डा झाकणावर टेकवून अंगाला असा काही हिसका दिला की झाकण सुटून पलंगाखाली गेलं.

"शाब्बास!" नाना ओरडले.

"अहो, काय शाब्बास?" काका रडकुंडीला आले. "उघडायची नव्हती ती!"

"मग उघडा कशाला म्हणालात?"

आत्या फस्सकन हसली. ती नानांची थोरली बहीण. उभा जन्म लाँड्रीत इस्त्र्या फिरवल्यामुळे आवाज आणि मनगट दोन्ही दणकट. "अरे, पोरीचा दोष नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही आपल्यातला. डॉक्टरला म्हणावं, तू उघडून दाखव."

"आत्या, उगाच चढवू नका," धाकटा म्हणाला. तो त्याच कारखान्यात स्टोअरला होता, आणि सकाळपासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. "ताई म्हणतेय ना, जमतं म्हणून. मग फेरतपासणीचा घाट कशाला? साहेब मला बोलावून म्हणाले, कामावर येऊ द्या तिला, आम्ही सांभाळून घेऊ. उगाच वाकड्यात शिरण्यात काय अर्थ आहे?"

"सांभाळून घेऊ म्हणजे काय करणार? प्रेसला सांगून ठेवणार, हळू मार म्हणून?" सूनबाई बोलून गेली.

धाकट्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिच्याकडे पाहिलं. घरात चारचौघांत ती सहसा त्याच्याविरुद्ध बोलत नसे, त्याचा हिशेब खोलीचं दार लावून होई. आज तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"वहिनी, तू काळजी नको करूस," ताई म्हणाली. "प्रेस मला नवीन आहे का? बघ, आठवड्याभरात हात बसेल."

"बसेल ना," सूनबाई म्हणाली. "मागच्या वेळी बसला तसाच."

मग नानांनी घसा खाकरला.

"माझं स्पष्ट मत ऐका. माझ्या पोरीला तुम्ही खोटं बोलायला शिकवताय. हात गेला तो गेला, पण जे येतं ते येत नाही असं सांगून पैसे घ्यायचे? आमच्या तीन पिढ्या लोखंडात गेल्या, कुणी असं लंगडं सोंग आणलं नाही. पटलं तर घ्या."

"नाना, सोंग आणा म्हणतंय कोण?" काका कळवळून म्हणाले. "जेवढं गेलंय तेवढंच सांगायचं. ते तिच्या घामाचं आहे, भीक नाही. आणि पैसे राहू देत बाजूला. उद्याही तेच लिहिलं गेलं, तर परवापासून तिला त्या मशीनवर उभं राहावं लागेल. मग डाव्या हाताची वेळ."

"ती म्हणते जमतं. माझी पोरगी खोटं बोलत नाही," नाना म्हणाले आणि विषय संपल्यासारखा चहाचा कप उचलला. कप नेहमीप्रमाणे अर्धाच होता. "सूनबाई, तुझ्या हाताला काही चहा सुटत नाही बघ. पाहुण्यांसमोर तरी भरून देत जा."

"चिक्कू आहे हो ती पहिल्यापासून," आत्या म्हणाली आणि सगळे हसले. सूनबाईही हसली.

ती हसली, कारण हसण्यावाचून इलाज नव्हता. नानांचा कप अर्धा का असतो, हे तिला एकटीला माहीत होतं. पूर्ण भरलेला कप नानांच्या थरथरत्या हातात गेला की बशीत तळं व्हायचं. पुढच्या खोलीला रंग दिला त्या वेळी एकदा सदऱ्यावर सांडला, तेव्हा त्यांचं तोंड जे उतरलं ते तिला पाहवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने कप अर्धा केला आणि चिक्कूपणाचा शिक्का आपल्या कपाळी मारून घेतला.

आणि ताईचं तर काय सांगावं! अपघातानंतर रोज सकाळी ताईच्या खोलीचं दार आतून लागत असे. आत सूनबाई तिचे पाठीचे हूक लावी, केस विंचरून घट्ट वेणी घाली, खाली बसून बुटांच्या नाड्या बांधी. मग दार उघडून ताई ताठ मानेने बाहेर येई, जशी काही स्वतःच नटली आहे. सुई ओवायचा सराव तिने याच खोलीत केला होता. ज्या दिवशी डॉक्टरांनी मान डोलावली, त्या दिवशी घरी येऊन तिने हात गरम पाण्यात बुडवला होता आणि ओठ चावून बसली होती. "कुणाला बोललीस ना वहिनी, तर माझ्याशी गाठ आहे," पहिल्याच सकाळी तिने बजावलं होतं. सूनबाईने शब्द दिला होता. आणि शब्द मोडायची तिच्या माहेरी रीत नव्हती.

या घरातली सगळी 'जमत नाही' अशी तिच्या पदरात गोळा झाली होती. बाकीचे सगळे कॉलर ताठ करून हिंडायला मोकळे.

"चला, पुन्हा एकदा," काका म्हणाले, पण त्यांच्या आवाजातला दम गेला होता. "बाई, तुम्हाला काय काय करता येत नाही?"

ताईने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "काका, नाही हो येत तोंडात," ती हळूच म्हणाली. "दुसरं काही सांगा. तेवढं सोडून."

पलंगाला टेकून बसलेल्या ताईकडे सूनबाईने पाहिलं. वेणी सकाळची होती, आता सैल होऊन बटा गालावर आल्या होत्या, आणि डाव्या हाताने त्या पुन्हा पुन्हा कानामागे सारायचा तिचा प्रयत्न चालला होता. शब्द दिला होता तो बोलायचं नाही असा, दाखवायचं नाही असा नव्हता. सूनबाई उठली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"नाना, मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "एक काम आहे. मला जमत नाही."

आत्याचा हसरा चेहरा एकदम गंभीर झाला. काकांनी चष्मा काढला. नाना सावरून बसले, कारण कितीतरी वर्षांत हे शब्द त्या घरात कुणी उच्चारले नव्हते.

"काय जमत नाही?"

"ताईंची वेणी घालणं."

ताईने झटकन मान वर केली. "वहिनी!"

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही, ताई," सूनबाई म्हणाली. "मी माझंच सांगतेय. मला यापुढे जमत नाही."

"तिची वेणी तू कशाला घालायचीस?" नाना गोंधळले. "तिला काय..."

धाकटा बहिणीच्या हाताकडे बघत होता, जणू पहिल्यांदाच बघत असावा.

"ते मागाहून," आत्या म्हणाली. लाँड्रीत गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावरचा डाग ती लांबून ओळखायची, तिला इथलंही उमगलं असावं. "घरचा नियम काय आहे? जमत नाही म्हटलं की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. सुनेला माफ आहे का? कंगवा आणा."

काकांनीच उठून आरशाजवळचा कंगवा आणून दिला.

ताई हलली नाही. ती रागावली होती. सूनबाईला वाटलं, आता ही उठून खोलीत जाईल आणि दार लावून घेईल, आणि मग सगळं संपलंच. ताईने नानांकडे पाहिलं. मग ती हळूच सरकली आणि भावजयीकडे पाठ करून जमिनीवर बसली.

सूनबाईने वेणी सोडली. केस दाट होते, अजून काळे. तिने गुंता काढला, भांग पाडला, तीन पेड केले. हे सगळं तिने रोज केलं होतं, पण दार लावून. आज तिची बोटं चालत होती आणि खोलीतली सगळी माणसं ती बघत होती. आणि बघता बघता सगळ्यांना तेच दिसत होतं, की या कामाला किती बोटं लागतात. मधेच ताईचा उजवा हात सवयीने मानेमागे आला, एक पेड धरायला गेला, पेड निसटला. तिने पुन्हा धरला. पुन्हा निसटला. मग तो हात तिने मांडीवर ठेवून दिला आणि तो तसाच उघडा राहू दिला. एरवी ती तो ओढणीखाली घेत असे.

"रोज?" नानांनी विचारलं.

"रोज," ताई म्हणाली. "हूकसुद्धा. नाड्यासुद्धा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला?" ताई हसली, पण ते हसू धड नव्हतं. "नाना, तुम्हाला कुणी कधी काही सांगितलंय का, जमत नाही म्हणून?"

नानांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. सूनबाईने वेणीच्या टोकाला गाठ मारली.

"सूनबाई चिक्कू नाही," नाना एकदम म्हणाले.

"काय?" आत्याला कळेना.

"चिक्कू नाही म्हणतोय. पूर्ण कप मला धरवत नाही. हात थरथरतो. तिला ते माहीत आहे आणि मला माहीत आहे की तिला माहीत आहे, आणि तरी मी रोज तिला चारचौघांत चिक्कू म्हणतो." त्यांनी कप खाली ठेवला. ठेवतानाही तो बशीवर खडखडला, आणि या वेळी त्यांनी दुसरा हात लावून तो आवाज दाबला नाही. "मला जमत नाही. झालं? म्हटलं मी. छप्पर पडलं का?"

छप्पर पडलं नाही. आत्याने डोळ्याला पदर लावला आणि धुरामुळे झालं म्हणाली, घरात धूर नव्हता तरी.

"मग आता नियमाप्रमाणे करून दाखवा," ताई म्हणाली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती बापाला चिडवत होती.

"गप्प बस. आजपासून नियम बदलला," नाना म्हणाले. "जो म्हणेल, त्याचं काम शेजारच्याने करायचं. उद्या मी येतोय बोर्डावर."

सकाळी ताईने कारखान्याचाच गणवेश घातला आणि तेच जड बूट. "घरच्या कपड्यात कशाला जाऊ? मी आजारी आहे का?" असं तिचं म्हणणं. वेणी सूनबाईने दार उघडं ठेवून घातली.

बोर्डाच्या कचेरीत लांबलचक व्हरांडा होता, भिंतीला लागून बाकडी आणि बाकड्यांवर निरनिराळ्या कारखान्यांची माणसं. कुणाची मान पट्ट्यात, कुणाच्या डोळ्यावर कापूस. कंपनीचे साहेबही आले होते आणि धाकटा त्यांच्या शेजारी अवघडून उभा होता, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. ताईचा पुकारा झाला. ती उठली आणि चालताना थांबली.

"धाकट्या," तिने हाक मारली, व्हरांड्याच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी. "नाडी सुटली बघ. बांध. मला जमत नाही."

धाकट्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. सूनबाई दोघांकडे बघत होती. नवरा वाईट नव्हता तिचा, फक्त साहेबाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. मग तो साहेबांपासून निघाला, बहिणीसमोर आला आणि कपड्यांची पर्वा न करता फरशीवर गुडघे टेकून बसला.

"दुहेरी गाठ मार," ताई वरून म्हणाली. "मी शिकवली होती तशी."

"आठवतेय," तो म्हणाला. उठल्यावर तो साहेबांकडे परत गेला नाही, नानांचा दंड धरून दाराशी उभा राहिला.

डॉक्टरांनी ताईला लगेच ओळखलं. "अरे, तुम्ही सुईवाल्या बाई! आज काय ओवणार?"

"आज काही नाही," ताई म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. मला वेणी घालता येत नाही. नाडी बांधता येत नाही. कुलपात किल्ली जाते, फिरत नाही. पत्रा अडकला तर वेळेवर ओढून काढता येणार नाही." ती भराभर बोलत होती, पण मान खाली नव्हती. आत्तापर्यंत ज्या आवाजात ती 'जमेल' म्हणत आली होती, त्याच आवाजात ती हे सांगत होती.

डॉक्टरांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. अंगठा वाकवून पाहिला, तर्जनी पाहिली, तळवा दाबून पाहिला. मग स्वतःशीच म्हणाले, "चिमूट आहे. मूठ गेली. मी त्या दिवशी चिमूटच पाहिली." त्यांनी टेबलाखालून कडी असलेलं एक लोखंडी वजन काढून समोर ठेवलं. "हे उचला. उजव्या हाताने, जेवढं होईल तेवढंच."

ताई वजनापुढे उभी राहिली. दारातून बघणाऱ्या सूनबाईने लगेच ओळखलं. ताईचं कोपर कमरेकडे यायला लागलं होतं, बरणीच्या वेळी आलं होतं तसंच. डावा हातही हलला होता. आता ही अंगाला हिसका देणार, आणि हे वजन उचलून दाखवणार, आणि डॉक्टर पुन्हा मान डोलावणार.

ताईने डावा हात पाठीमागे नेला आणि तिथेच ठेवला. कोपर कमरेपासून दूर केलं. मग नुसत्या त्या उजव्या हाताने कडी धरली आणि उचललं. वजन टेबलावरून वर आलं, थोडं डुललं, कडी दोन बोटांतून घसरली आणि ते लोखंड फरशीवर असं काही आदळलं की नर्स किंचाळली आणि व्हरांड्यातली माणसं दारात धावली.

त्या आवाजावर आवाज चढवून दारातून नाना ओरडले, "शाब्बास!"

टूलरूममध्ये यंत्रांच्या घरघरीतही ऐकू जायचा तो आवाज. डॉक्टरांनी दचकून वर पाहिलं. "हे कोण?"

"माझे वडील," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी आधीची ओळ खोडली, नवी लिहिली आणि वाचून दाखवली. प्रेसवर किंवा कुठल्याही चालत्या यंत्रावर पाठवू नये, मूठ कायमची गेली असं धरून भरपाई नव्याने ठरवावी. काकांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. सूनबाईला रडू आवरेना, आणि गर्दीतून नानांचा थरथरता हात तिच्या डोक्यावर आला आणि तसाच थरथरत राहिला.

ताई मात्र वाकली. तिने डाव्या हाताने ते वजन एका झटक्यात उचललं आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

"हेही लिहा त्यात," ती म्हणाली. "हा पक्का आहे."